घूं कुठून येत होती? नेरूळमधल्या एका घराचं वायरिंग आणि बॅकअप

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यातला मूळ दोष ठाणे आणि नवी मुंबईच्या जुन्या इमारतींत मला वायरिंगची कामं करताना वारंवार भेटतो, आणि तो सापडायच्या आधीच लोक महागडी यंत्रं घेऊन मोकळे होतात. घरच्यांच्या संमतीने लिहितोय, नावं गाळली आहेत.

नेरूळमधली सिडकोने बांधलेली जुनी सोसायटी, तिसरा मजला, दोन बेडरूमचं घर. घरात गाण्याचे निवृत्त शिक्षक (सर), त्यांच्या पत्नी (काकू) आणि मुलगी (ताई). सरांकडे त्यांच्या गुरुजींच्या खासगी बैठकांच्या ट्रंकभर कॅसेटी आहेत. त्या बैठकांचं दुसरं ध्वनिमुद्रण कुणाकडेही नाही. सर एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेत होते. कॅसेट डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मधे दाराच्या चौकटीला चिकटवत नेलेली लांब ऑडिओ केबल. आतल्याच खोलीतून मुलगी संध्याकाळी ऑनलाइन गाणं शिकवते. तिचा कॅमेरा, दोन एलईडी दिवे, माइक आणि ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारी पेटी) असा सरंजाम तिथे कायमचा मांडलेला असतो.

मला बोलावलं होतं ते फक्त एका पॉइंटसाठी. कुणीतरी सरांना सांगितलं होतं, तीन केव्हीए क्षमतेचा ऑनलाइन यूपीएस (लाइट गेली तरी बॅटरीवर वीज चालू ठेवणारं यंत्र) घ्या, सगळे त्रास एका फटक्यात संपतील. त्या यूपीएससाठी जाड वायरचा वेगळा पॉइंट काढून द्यायचा, एवढंच माझं काम. बॅकअपची निकड मला पटत होती. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली आणि काही भागांत ती यायला संध्याकाळ उलटली. त्या दिवसापासून बॅकअप हा इकडच्या घराघरातला विषय झाला आहे. पण "सगळे त्रास" म्हणजे नेमके कोणते, हे विचारल्याशिवाय मी भिंत फोडत नाही.

त्रास बरेच होते. स्पीकरमधून आणि रेकॉर्डिंगमध्ये सतत बारीक घूं. लाइट गेली की घरातला जुना इन्व्हर्टर चालू व्हायचा, पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. एकदा कॅसेट उतरवता उतरवताच लाइट गेली आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवरची ती फाइल पुन्हा उघडलीच नाही. इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच घरघरायचा, स्पीकर काढले तरी. लॅपटॉप चार्जिंगला लावला की त्याच्या पत्र्याला हात लागताच मुंग्या यायच्या. फरशी पुसताना फ्रिजच्या दांड्याला हात लागला तर काकूंनाही तसंच व्हायचं. आणि मे महिन्यात वळवाच्या पावसात एकदा वीज कडाडली, त्यात सेट-टॉप बॉक्स गेला.

यातली मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट सरांनी शेवटी, सहज म्हणून सांगितली होती: फ्रिजचा दांडा. बाकीचं नंतर बघता येतं. मुंग्या येणारं फ्रिज आणि ओली फरशी या दोन गोष्टी एका घरात असल्या की आधी ते काम.

घूंचा माग

तरी सुरुवात घूंपासून केली, कारण ती ऐकू येते आणि ऐकू येणारा दोष बाकीच्यांची वाट दाखवतो.

पहिली चाचणी कुणालाही घरी करता येते. डेक चालू ठेवायचा आणि टेप थांबवायची. टेप थांबल्यावर घूंही थांबली तर ती मूळ ध्वनिमुद्रणातच आहे, तिला घराचं वायरिंग जबाबदार नाही. इथे टेप थांबली तरी घूं तशीच होती. फोनवरच्या, आवाजातल्या कंपनसंख्या वेगवेगळ्या दाखवणाऱ्या स्पेक्ट्रमच्या अ‍ॅपमध्ये 50 हर्ट्झवर ठळक सुळका दिसत होता, त्याच्या पुढे 100 आणि 150 वर लहान लहान. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे पाहुणा घरच्याच लाइनमधला.

मग टीव्हीमागची केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली. घूं जवळजवळ नाहीशी झाली. हा प्रयोग घरच्यांनी आधी केलेला होता आणि त्यावरून दोष केबलवाल्याच्या माथी मारला होता. तो येऊन वायर बदलून गेला, काही फरक पडला नाही, आणि दोघांमध्ये थोडी बोलाचालीही झाली. खरं तर केबलवाल्याची वायर काढल्यावर आवाज थांबतो, याचा अर्थ इतकाच की त्या वायरमधून काहीतरी वाहतंय. ते आत येतंय की बाहेर जातंय, हे त्यावरून कळत नाही.

उत्तर काकूंनी दिलं. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दादा, मी इस्त्री लावली की ते घोंघों वाढतं. यांना किती वेळा सांगितलं, यांना वाटतं मी उगाच बोलते."

मला तिथेच दिशा मिळाली. इस्त्री म्हणजे नुसतं तापणारं वेटोळं. तिच्यात मोटर नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, ती हवेतून कसलाही आवाज पसरवत नाही. तिच्यामुळे घूं वाढते याचा अर्थ इस्त्रीचा करंट ज्या न्यूट्रलमधून परत जातो, त्या न्यूट्रलचा ऑडिओच्या सामानाशी कुठेतरी संबंध आला आहे. तो येता कामा नये.

व्होल्टेज मोजायचा मीटर बाहेर काढला. काकूंनी पॅसेजमध्ये 1000 वॅटची इस्त्री लावली, म्हणजे साधारण 4.3 अँपिअर. पॅसेजचा आणि कॉम्प्युटरच्या खोलीचा बोर्ड एकाच लाइनवर होते. डीबीतल्या (घराच्या मुख्य वितरण पेटीतल्या) न्यूट्रलपासून खोलीच्या बोर्डातल्या न्यूट्रलपर्यंत मीटरने 3.6 व्होल्ट दाखवले. वायर 1 स्क्वेअर एमएमची, भिंतीतल्या पाइपातून फिरत फिरत 15 मीटरच्या आसपास. या जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध (करंटला होणारा अडथळा) दर मीटर लांबीला सुमारे 0.018 ओहम, म्हणजे 15 मीटरला 0.27 ओहम, आणि 4.3 अँपिअरला 1.2 व्होल्टच्या आसपास घट. तेवढी समजण्यासारखी आहे. उरलेले 2.4 व्होल्ट कुठेतरी एकाच ठिकाणी पडत होते, आणि 2.4 गुणिले 4.3 म्हणजे दहा वॅट उष्णता भिंतीतल्या एखाद्या सांध्यात कोंडत होती.

तो सांधा पॅसेजच्या वरच्या जंक्शन बॉक्समध्ये सापडला. दोन न्यूट्रल नुसते पिळून त्यांवर टेप गुंडाळलेली. टेप वितळून काळी गुळगुळीत झाली होती, आणि हाताने ओढताच पीळ सुटून आला. आतलं तांबं पिवळं-तांबडं दिसायच्या ऐवजी जांभळट काळं पडलं होतं आणि बाजूच्या पाइपाच्या तोंडाला तपकिरी डाग होता. नेरूळची हवा खाडीकडची, दमट आणि खारी. उघडं तांबं इथे लवकर काळवंडतं, काळवंडलं की रोध वाढतो, रोध वाढला की तापतं आणि तापलं की आणखी काळवंडतं.

पण न्यूट्रलवर व्होल्टेज पडलं तरी ते ऑडिओत यायचं कारण नाही. न्यूट्रल प्लगच्या आत जातं, यंत्राच्या बॉडीला लागत नाही. म्हणून कॉम्प्युटरचा बोर्ड उघडला. सॉकेटच्या न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीची काळी वायर जोडलेली होती.

ती बोटभर वायर

ही वायर का टाकतात ते सांगतो. या बोर्डापर्यंत पाइपातून दोनच वायरी आल्या होत्या, वीज आणणारा फेज आणि ती परत नेणारा न्यूट्रल. हिरवी वायर, म्हणजे जमिनीपर्यंत जाणारी अर्थची वायर, नव्हतीच. कॉम्प्युटरच्या बॉडीला मुंग्या येतात अशी तक्रार आली असणार, आणि पूर्वीच्या वायरमनने भिंत न फोडता न्यूट्रलचाच अर्थ करून दिला. मुंग्या गेल्या. टेस्टिंग बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला तर छान पेटतो. घरमालकाला वाटतं अर्थिंग झालं.

आता त्या न्यूट्रलवरचे साडेतीन व्होल्ट थेट कॉम्प्युटरच्या पत्र्यावर आले. तिथून यूएसबीच्या वायरच्या जाळीतून (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून) इंटरफेसला, इंटरफेसमधून लांब ऑडिओ केबलच्या जाळीतून हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरला, अ‍ॅम्प्लिफायरमधून सेट-टॉप बॉक्सला आणि तिथून केबलवाल्याच्या वायरच्या जाळीतून इमारतीवरच्या त्याच्या उपकरणांपर्यंत, जी कुठेतरी जमिनीला टेकलेली आहेत. पूर्ण वर्तुळ. इस्त्रीच्या करंटचा छोटासा वाटा घरी परत जाण्यासाठी सरांच्या कॅसेट डेकची केबल वापरत होता. त्या केबलची जाळी हाच ऑडिओच्या सिग्नलचा परतीचा रस्ता असल्याने तिच्यातली प्रत्येक मिलिव्होल्टची हालचाल स्पीकरमधून ऐकू येते. केबलवाल्याची वायर काढली की वर्तुळ तुटतं, म्हणून आवाज थांबत होता.

घूं हा त्यातला किरकोळ भाग. मी सरांना त्या वायरसमोर उभं करून जे सांगितलं ते इथेही सांगतो. जंक्शन बॉक्समधला तो जळका सांधा पूर्ण तुटला असता, तर कॉम्प्युटरमधून, पंख्यातून, इस्त्रीतून येणाऱ्या फेजला परत जायला रस्ता उरला नसता, आणि ते 230 व्होल्ट त्या बोटभर वायरमधून कॉम्प्युटरच्या बॉडीवर, माइकच्या जाळीवर आणि हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरवर उभे राहिले असते. ताई माइकला ओठ लावून गातात. सांधा माझ्या हातात सुटून आला होता.

घूं घालवण्यासाठी ताईंना कुणीतरी आणखी एक सल्ला दिला होता: प्लगची वरची जाड पिन काढून टाका. अशाने वर्तुळ तुटतं आणि आवाज जातो, हे खरं आहे. त्याचबरोबर यंत्रात फेज बॉडीला लागला तर माणसाला वाचवणारी एकमेव वायरही जाते. ही गोष्ट कुणीही, कुठल्याही कारणाने करू नये. आवाज घालवायचे सुरक्षित मार्ग आहेत, ते पुढे येतील.

डीबी उघडला तेव्हा मुंग्यांचा उलगडा झाला. बाकीच्या बोर्डांकडून हिरव्या वायरी आलेल्या होत्या, सगळ्या एकत्र पिळलेल्या, आणि पिळलेला झुबका कशालाच जोडलेला नव्हता. मागे कधीतरी घर रंगवताना, दार हलवताना मीटर रूमकडे जाणारी मुख्य अर्थची वायर कापली गेली होती. लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) असतात, त्यांचं काम फिल्टरचं. अर्थ नसेल तर बॉडी या दोघांच्या मधोमध, 115 व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी थोडा असतो, म्हणून मुंग्यांवर भागतं. पण हिरव्या वायरी एकमेकींना जोडून सगळ्या मिळून अधांतरी ठेवणं हे अर्थ अजिबात नसण्यापेक्षा वाईट. वॉशिंग मशिनच्या मोटरमध्ये फेज उतरला तर तो या झुबक्यातून फ्रिजच्या दांड्यावर आणि लॅपटॉपच्या पत्र्यावर एकाच क्षणी पोचतो, आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

फ्यूज म्हणजे चिनी मातीचे किटकॅट. त्यांत फ्यूजवायरीच्या जागी साध्या वायरीच्या तारा भरलेल्या. अशा तारा वेळेवर वितळत नाहीत, म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा.

फिल्टर लावून का भागत नाही

सरांनी एक रास्त प्रश्न विचारला. आधी उतरवलेल्या कॅसेटींमधली घूं कॉम्प्युटरवर फिल्टरने काढता येते, ताईंनी तसं करूनही पाहिलं होतं, मग पुन्हा उतरवायची गरज आहे का?

त्यांच्या गुरुजींचा सा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा). त्यांच्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा 138.6 हर्ट्झ, खर्ज 69.3, आणि पंचमाची तार 104 हर्ट्झच्या जवळपास. घूंचा एक अंश बरोबर 100 वर. 100 आणि 104 शेजारी शेजारी वाजले की सेकंदाला चार वेळा आवाज वरखाली होतो. सर म्हणायचे, "तानपुरा हलतोय असं वाटतं, पण गुरुजींचा तानपुरा कधी हलायचा नाही." ते हलणं कॅसेट उतरवताना घरच्या इस्त्रीच्या करंटने घातलेलं होतं. 100 हर्ट्झ काढणारा फिल्टर रुंद ठेवला तर पंचमच खरवडला जातो आणि डग्ग्याचा घुमारा पातळ होतो. अरुंद ठेवला तर घूं पूर्ण जात नाही. ज्या सामग्रीची दुसरी प्रत जगात नाही, ती उतरवताना घाण आत येऊ न देणं हाच एक मार्ग. सर काही न बोलता उठले आणि वही घेऊन आले. त्यांनी आतापर्यंत उतरवलेल्या कॅसेटींच्या यादीवर पुन्हा फुल्या मारायला सुरुवात केली. मला वाईट वाटलं, पण त्यांच्या निर्णयाबद्दल आदरही वाटला.

दुरुस्ती

काम इमारतीच्या तळापासून सुरू करावं लागलं, कारण घरात कितीही चांगली हिरवी वायर ओढली तरी तिला टेकायला जागा हवी. मीटर रूमजवळच्या अर्थपिटचं (अर्थची वायर जिथे जमिनीत उतरते त्या खड्ड्याचं) झाकण गवताखाली होतं. आतली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी क्लॅम्पपाशी गंजून कागदासारखी झाली होती. अर्थ टेस्टर लावला तर 14 ओहम. मी पाच ओहमच्या आत असल्याशिवाय समाधान मानत नाही. सेक्रेटरींना जागेवर नेऊन पट्टी दाखवली. हे एका फ्लॅटचं काम नसून सगळ्या जिन्याचं आहे, हे त्यांना पट्टी बघितल्यावर लगेच पटलं आणि कमिटीने खर्च उचलला. नवी पट्टी, नवे क्लॅम्प आणि पिटची भरणी झाल्यावर आकडा अडीच ओहमवर आला.

घरात नवा डीबी बसवला: दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मुख्य स्विच, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच), प्रत्येक लाइनला स्वतंत्र एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच). आरसीसीबी ही या जुन्या घरांची खरी परीक्षा असते. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते आणि फरक पडला की पडते, म्हणजे वीज तोडते. तिच्यावरच्या लाइनचा फेज आणि तिच्याबाहेरच्या लाइनचा न्यूट्रल अशी सरमिसळ असेल तर ती टिकतच नाही. पुष्कळ वायरमन अशा वेळी "तुमच्या घराला आरसीसीबी चालत नाही" म्हणून ती काढून टाकतात. चालत नाही ते वायरिंग. ती पडली की तिचे आभार मानून न्यूट्रल शोधत बसायचं असतं. इथे ती पडण्याची दोन कारणं निघाली: कॉम्प्युटरच्या बोर्डातली ती बोटभर वायर, आणि इन्व्हर्टरच्या लाइनला जोडलेला गीझरच्या लाइनचा न्यूट्रल. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून ती पडली, म्हणजे तिची यंत्रणा चालू आहे एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही हे त्या बटणाला माहीत नसतं.

आतल्या खोलीसाठी आणि हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटासाठी डीबीपासून एकच स्वतंत्र लाइन काढली, 2.5 स्क्वेअर एमएमची, फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. जुन्या घरात सगळ्याच वायरी लाल होत्या, कुठली काय हे मीटर लावल्याशिवाय कळत नव्हतं. हॉलच्या एका सॉकेटमध्ये तर फेज आणि न्यूट्रल उलटे होते, म्हणजे बटण बंद केल्यावरही अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फेज हजर. सॉकेटकडे समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, हे प्रत्येक बोर्डात तपासून घेतलं. या लाइनचा एमसीबी सी प्रकारचा ठेवला, कारण अ‍ॅम्प्लिफायरचा मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होतानाच्या क्षणी बराच करंट ओढतो आणि बी प्रकारचा एमसीबी त्यावर उगाच पडू शकतो. फ्रिज, इस्त्री, गीझर यांचे न्यूट्रल या लाइनला कुठेही शिवत नाहीत.

लांब ऑडिओ केबल काढून टाकली. कॅसेट डेक उचलून कॉम्प्युटरशेजारी ठेवला, आता मधे हातभर केबल आहे. हा उपाय फुकटचा आणि सर्वात गुणकारी होता. केबलवाल्याच्या वायरीवर सेट-टॉप बॉक्सच्या आधी एक आयसोलेटर बसवला. तो चित्राचा सिग्नल जाऊ देतो पण जाळीतून 50 हर्ट्झचा करंट वाहू देत नाही. पिन न तोडता वर्तुळ तोडण्याची ही रीत. डेक हलवणं ज्यांना शक्य नाही त्यांनी लांब केबलच्या टोकाला ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा.

काम संपल्यावर काकूंनी स्वतः इस्त्री लावली आणि सर हेडफोन घालून बसले. आवाज पूर्ण चढवल्यावर टेपची नुसती खसखस येत होती.

बॅकअप

आता राहिला मूळ विषय. जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता, म्हणजे लाइनच्या विजेसारखी गोलसर लाट (साइन वेव्ह) न देता चौकोनी लाट देणारा. दिव्यांना आणि पंख्यांना तो चालतो, पंखा थोडा कुरकुरतो इतकंच. अ‍ॅम्प्लिफायरचं तसं नाही. 230 व्होल्टच्या साइन वेव्हचा कळस 325 व्होल्टपर्यंत जातो, आणि ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर त्या कळसावर भरतात. स्क्वेअर वेव्ह सपाट असते, तिचा कळस 230 वरच राहतो. म्हणजे आतल्या सर्किटला तीस टक्क्यांच्या आसपास कमी व्होल्टेज मिळतं. शिवाय तिच्या चौकोनी कडांमुळे 150, 250, 350 हर्ट्झचे अंश ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांना हादरवतात. स्पीकर काढले तरी ऐकू येणारी घरघर ही होती. यावर एकच इलाज, शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर.

ऑनलाइन यूपीएस वाईट नसतो. त्यात लाइनवरून बॅटरीवर जाण्याचा क्षणच नसतो, यंत्र सतत इन्व्हर्टरवरच चालतं. पण त्याचा पंखा अखंड फिरतो, आणि जिथे माइक उघडा आहे त्या खोलीत तो घरघरता पंखा आणून ठेवायचा म्हणजे एक आवाज घालवून दुसरा विकत घ्यायचा. तीन केव्हीएची तर गरजच नव्हती. मी प्रत्येक गोष्ट मीटरवर मोजली: कॉम्प्युटर आणि मॉनिटर 150 वॅट, स्पीकर आणि डेक मिळून 60, ताईंचे दिवे 40, राउटर 12, पंखा 70. सगळे मिळून 330 वॅटच्या आसपास. साध्या एक केव्हीएच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरला हे सहज झेपतं.

बॅटरी 150 एएचची (अँपिअर-तासांची), ट्यूब्युलर प्रकारची. कागदावर 12 व्होल्ट गुणिले 150 एएच म्हणजे 1800 वॅट-तास. त्यातून इन्व्हर्टरची स्वतःची वीस टक्के घट वजा करा, आणि बॅटरी पूर्ण तळाला न्यायची नाही म्हणून आणखी तीस टक्के. उरतात 1000 वॅट-तास, म्हणजे या लोडवर तीन तास. प्रत्यक्षात अडीच धरायचे, कारण 150 एएच हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा असतो. जोरात ओढलं की ती कमी देते. दुकानात "सहा तास बॅकअप" म्हणतात तेव्हा ते कुठल्या लोडवर, हे विचारायला विसरू नका.

जुन्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर बंद का पडायचा, याचंही कारण होतं. बहुतेक इन्व्हर्टरांना मागे एक बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल. नॉर्मलवर बदलाला जास्त वेळ लागतो, यूपीएसवर तो काही मिलिसेकंदांवर येतो. जुन्यावर ते नॉर्मलवर होतं. नव्यावर यूपीएसवर ठेवलं. तरीही कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क यांच्यासाठी एक छोटा वेगळा यूपीएस मधे दिला. ज्या कॅसेटी दुसऱ्यांदा वाजवताना तुटू शकतात, त्यांच्या बाबतीत दोन कड्या मला जास्त वाटत नाहीत. असा छोटा यूपीएस स्क्वेअर वेव्हच्या मागे लावला असता तर त्याला ती वीजच ओळखू आली नसती आणि तो टकटक करत स्वतःच्या बॅटरीवर जात राहिला असता.

इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल सरळ त्याच्या आउटपुटवरून आणला आणि तिला स्वतंत्र आरसीसीबी दिली. मेन बंद करून, बॅटरीवर असतानाही चाचणी घेतली. बॅटरी आतल्या खोलीतून काढून हवेशीर गॅलरीत, उन्हाच्या आड ठेवली. पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तो बंद कपाटात साचू देऊ नये. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायचं काम काकूंनी आपणहून स्वतःकडे घेतलं.

विजेच्या कडकडाटात गेलेल्या सेट-टॉप बॉक्सबद्दल. त्याच दिवशी खालच्या दोन घरांतलेही बॉक्स गेले होते, मात्र त्यांचे फ्रिज, टीव्ही शाबूत होते. तिघांत समान होती ती केबलवाल्याची वायर, त्यामुळे लाट तिकडूनच आली असावी. आयसोलेटरचा इथेही थोडाफार उपयोग होतो. डीबीत एसपीडीही (अचानक आलेली जादा व्होल्टेजची लाट अडवणारं यंत्र) बसवला. पण एसपीडी जादा व्होल्टेज जमिनीत सोडतो, आणि त्याला सोडायला जमीन लागते. 14 ओहमच्या गंजक्या पट्टीवर, किंवा अधांतरी झुबक्यावर, एसपीडी असो की साधा स्पाइक गार्ड, अर्थकडे नीट काही सोडू शकत नाही. मीटर रूमकडचा न्यूट्रल तुटून घरात तीनशेच्या वर व्होल्टेज आलं तर एसपीडी पुरत नाही, त्यासाठी लाइन तोडणारं ओव्हर-अंडर व्होल्टेजचं यंत्र वेगळं लावलं.

पुढे काय

घरी स्वतः करण्यासारखं यात थोडंच आहे: टेप थांबवून ऐकणं, केबलवाल्याची वायर काढून बघणं, इस्त्री लावून फरक पडतो का ते टिपणं. मुंग्या येत असतील तर त्या कुठे आणि कधी, हे लिहून ठेवा. बोर्ड आणि डीबी उघडायचं काम परवाना असलेल्या वायरमनलाच द्या, आणि त्याला विचारा की अर्थची वायर शेवटी कुठे जाऊन टेकते. त्याने तुम्हाला मीटर रूमपर्यंत नेऊन दाखवलं पाहिजे.

त्या जिन्यातल्या आणखी दोन घरांनी बोर्ड तपासून घेतले. एकाकडे अशीच बोटभर वायर निघाली, टीव्हीच्या मागे. सरांच्या स्वयंपाकघराची आणि एसीची लाइन अजून जुनीच आहे, ती दिवाळीनंतर बदलायची ठरली आहे. तोवर गीझर आणि इस्त्री एका वेळी लावायची नाही असं काकूंनी ठरवलंय. सरांनी ट्रंकेतल्या कॅसेटी पुन्हा उतरवायला घेतल्या आहेत. काहींची टेप चिकट झाली आहे, ती आधी सोडवून घ्यावी लागणार, आणि ते काम माझं नाही.